दोनच्या वर लोड

सर्व्हर सांभाळणं म्हणजे पाळणा हलवणं. एक डोळा ठेवायचा, एक दोरी धरायची, झालं! असं मी आठवडाभर घरात सांगत होतो आणि घर बिचारं ऐकून घेत होतं.

बायकोने नव्या आईबापांना अंगाया शिकवायचा वर्ग काढला होता. वाचनालयवाले खोली द्यायला तयार होते. अट एकच, शनिवारी बारा वाजेपर्यंत वीस नावं! नोंदणी मी केलेल्या वेबसाइटवर, सकाळी दहापासून.

"अहो, एकदम गर्दी झाली तर?"

"मी आहे ना!"

होस्टिंग कंपनीतल्या ताईंनी फोनवर सगळं समजावलं होतं. "तुमच्या सर्व्हरला दोन कोअर आहेत. पोस्टाच्या दोन खिडक्या समजा. लोड दोन म्हणजे दोन्ही खिडक्यांवर एकेक माणूस. तीन झाला की तिसरा रांगेत. पण क्षणभर वर गेला म्हणून घाबरू नका, पाच मिनिटं थांबून बघा." पहिला भाग मी वहीत उतरवून घेतला. दुसऱ्या भागाला पेनातली शाई संपली.

शनिवारी सव्वादहाला लक्षात आलं, बाराला वाचनालयात वर्गाचा फोटो निघणार आणि माझी दाढी म्हणजे पाखराने अर्धवट सोडलेलं घरटं! लॅपटॉप बैठकीत उघडा ठेवून मी सासऱ्यांना म्हटलं, "बाबा, जरा लोडवर लक्ष ठेवा. दोन पुरे. वर गेलाच तर लगेच फोन!"

"निश्चिंत जा, जावईबापू!"

न्हाव्याने एक गाल उजळवला, तोच फोन.

"जावईबापू, लोड तीन झाले!"

'झाले' म्हणाले ते, 'झाला' नव्हे. सगळी गोम त्या एका मात्रेत होती! एरवी काना-मात्रेवरून बायकोशी भांडणारा मी, पण तेव्हा कानात फेस होता.

लोड उतरावा म्हणून मी मोबाइलवरून साइटवरची चित्रं बंद केली. "आता?"

"आता चार. अजून काढू?"

"काढा बाबा, काढा!" मला वाटलं, लोड काढून टाकतायत.

"काढला. पाच!"

मागून टाहो ऐकू आला. "हे काय रडतंय?"

"लहान आहे हो. गर्दी झेपत नाही त्याला."

खरंच होतं की! सगळ्यात लहान सर्व्हर मीच निवडला होता. काळजावर दगड ठेवून मी साइटच बंद केली. माझ्या फोनाफोनीला वैतागून न्हावी दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. अर्ध्या तासाने पुन्हा फोन.

"सात झाले! आठवा काढतोय!"

बंद साइटवर सात? मी उठलो आणि अर्ध्या फेसासकट पळत सुटलो!

दारात चपलांचा डोंगर. आत भिंतीला ओळीने सात लोड. पाठीला टेकायचे, कापसाचे! प्रत्येकाला टेकलेली एकेक आई नाहीतर आजी, मांडीवर पेंगणारं बाळ, बाजूला अवघडलेले बाप.

"शेजारच्या आजी पहिल्या आल्या," बायको म्हणाली. "त्यांना वेबसाइट जमेना. नातवंडं घेऊन आणखी दोघी आल्या. तेवढ्यात साइटच उघडेना! भराभर फोन आले. म्हटलं, या घरीच."

लॅपटॉपकडे पाहिलं. नावं नऊ. लोड शून्य.

"म्हणजे गेली खोली?" माझा आवाज चिरकला.

तिने वही पुढे केली. सतरा नावं! नऊ आणि सतरा, सव्वीस! घड्याळात पावणेबारा. वही मिटून ती हळूच गुणगुणू लागली,

*वारा दमला, पान निजलं,*
*बाळाच्या डोळ्यांत आभाळ विझलं...*

आणि मघाशी फोनवर टाहो फोडणारा तो चिमुकला जीव मुठी सैल सोडून निजला.

एका बापाने माझ्या फेसाळ गालाकडे बोट दाखवून विचारलं, "हे कोण?"

"हे आमचे सर्व्हरवाले," बायको हसू दाबत म्हणाली. "आज सगळा लोड यांच्यावर होता."

"यांच्यावर?" आठवा लोड काखेत मारून बाबा धापा टाकत आत आले. "माळ्यावरून एकेक मी उतरवलाय!"