मन्मथअप्पा विरुद्ध कारखाना

आमच्या गल्लीत अंतर दमात मोजतात. ही पद्धत मन्मथअप्पांनी सुरू केली. त्यांच्या ओट्यापासून पिठाची गिरणी दोन दम, मारुतीचा पार चार दम आणि एसटीचा थांबा अकरा दम. अप्पा न थांबता जेवढं चालतात तेवढा एक दम. ऊन असलं की तो आखूड होतो, पोटात गोडाचं गेलं असलं की थोडा लांबतो. परगावच्या पाहुण्याने पत्ता विचारला तर आता गिरणीवालाही सांगतो, सरळ जा, तीन दमावर उजव्या हाताला. पाहुणा बिचारा बावचळून बघत राहतो.

थांबले तरी अप्पा थांबल्यासारखं दाखवत नाहीत. समोर जी भिंत असेल ती न्याहाळतात, बोटाने चाचपतात आणि श्वास जागेवर आला की म्हणतात, "गिलावा बरा हाय." एका घरमालकाने या कौतुकापायी दर वर्षी भिंत रंगवायला सुरुवात केली. त्याला अजून माहीत नाही की अप्पांचा पहिला दम नेमका त्याच्या दारात संपतो.

मी त्यांचा शेजारी. साखर कारखान्याच्या स्टोअरला मला तेहतीस वर्षं झाली, त्यामुळे अप्पा मला कीपरभाऊ म्हणतात. मी मुळात कमी बोलणारा माणूस. इथे जे लिहितो आहे ते बायकोलाही आत्ताआत्तापर्यंत सांगितलं नव्हतं. पण ते नंतर. आधी अप्पा, कारण ते माझ्यापेक्षा पुष्कळ गमतीचे आहेत.

अप्पा त्याच कारखान्यात लॅगिंगचे मिस्तरी होते. वाफेचे पाइप उघडे ठेवले तर उष्णता वाया जाते आणि माणसं भाजतात, म्हणून त्यांच्यावर जाड थर चढवतात. तेव्हा तो अ‍ॅस्बेस्टॉसचा असायचा. पोत्यातली पांढरी पूड पाण्यात कालवायची, हाताने थापायची, वरून त्याचीच दोरी गुंडाळायची. गाळप हंगाम संपला की तोच थर फोडून काढायचा. बॉयलर हाऊसमध्ये तेव्हा असा धुरळा उडायचा की आतल्या माणसाला खोकल्यावरून ओळखावं लागायचं. सहा जणांची टोळी होती. संध्याकाळी बाहेर आले की सहाही जण एका वयाचे दिसायचे, पांढऱ्या भुवयांचे.

अ‍ॅस्बेस्टॉसच्या कापडाचे तुकडेही उरायचे. ते मी शेजारधर्म म्हणून अप्पांच्या घरी द्यायचो. त्यांच्या बायकोने, काशीकाकूंनी, त्या तुकड्यांनी पंधरा वर्षं चुलीवरचा तवा उचलला. असलं पोतेरं दुकानात मिळत नाही, असं त्या चार बायकांत सांगायच्या, आणि मग त्या चार बायकाही माझ्याकडे तुकडा मागायच्या. मी दिले.

निवृत्तीनंतर अप्पांना दम लागायला लागला. दोन वर्षं टीबीच्या गोळ्या झाल्या. मग बीडच्या छातीच्या डॉक्टरांनी पहिल्यांदाच विचारलं की बाबा, तुम्ही काम काय करत होता? इतकी वर्षं हा प्रश्न कुणाला सुचलाच नव्हता. कामाचं ऐकून डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं, नवा फोटो काढायला लावला आणि सांगितलं की फुप्फुसात अ‍ॅस्बेस्टॉस बसला आहे, तो आता निघायचा नाही, आणि कारखान्याकडून भरपाई मागायचा तुम्हाला हक्क आहे.

यातलं पहिलं वाक्य काकूंनी ऐकलं. अप्पांनी फक्त शेवटचं ऐकलं आणि त्यांना नवं आयुष्य लाभलं.

त्यांनी वकीलबाई गाठल्या. बीडच्या, तरुण, स्कूटरवरून फिरणाऱ्या. दावा दाखल झाला आणि अप्पांच्या घरात कोर्ट बसलं. छातीचा एक्स-रे त्यांनी खिडकीच्या गजांना बांधला. सकाळी ऊन आलं की तो उजळतो. पाहुण्यांना चहाआधी त्याचं दर्शन घडतं. "हे अर्जदार क्रमांक एक," उजव्या फुप्फुसावर बोट ठेवून अप्पा सांगतात, "आन् हे क्रमांक दोन. क्रमांक दोन जरा तापट हाय." काकू विरुद्ध पक्षही झाल्या आणि न्यायाधीशही. चहा हवा असला की अप्पा खाटेवरून तोंडी अर्ज करतात आणि काकू चुलीपासून ओरडतात, "नामंजूर." मग अपील होतं. अपिलात बहुतेक वेळा अर्धा कप मंजूर होतो.

पण सगळ्यात भारी त्यांचं 'सबब'. अर्जात 'म्हणून' या अर्थाने हा शब्द येतो हे कळल्यापासून तो त्यांच्या जिभेवर बसला. तो ते वाक्याच्या शेवटी नुसताच सोडून देतात. "परवा वांगं. काल वांगं. आज बी वांगं. सबब." पुढचं ज्याचं त्याने समजून घ्यायचं. काकूंना सगळं समजतं, आणि उद्याही वांगंच होतं.

कारखान्याने जबाबात लिहिलं की अर्जदार बिडी ओढतो. अप्पा महिनाभर उसळत होते. त्यांनी जन्मात बिडी ओढलेली नाही. गल्लीतल्या तेवीस माणसांच्या सह्यांचा कागद त्यांनी तयार केला की सदर मन्मथअप्पा यास आम्ही बिडी ओढताना कधी पाहिलेले नाही. त्यात पानपट्टीवालाही होता. त्याने खाली स्वतःहून लिहिलं होतं, उलट माझं गिऱ्हाईक तोडतात.

हे सगळे कागद लिहायचो मी. माझं अक्षर मोत्यासारखं आहे असं अप्पांचं ठाम मत. ड्यूटी संपवून मी त्यांच्या ओट्यावर बसायचो, ज्या कारखान्याचा पगार खातो त्याच्याविरुद्ध अर्ज लिहायचो, आणि ते "रेकॉर्डला घ्या" म्हणून बोट नाचवायचे. मी मनात कुढत असायचो. कारण त्यांच्या विरुद्ध जाणारा सगळ्यात मोठा कागदही माझ्याच हातचा होता.

तो असा. तपासणीचा साहेब यायचा त्या दिवशी स्टोअरच्या कपाटातून मी सहा मास्क काढायचो. सहा जण ते लावून, नव्या नवरदेवासारखे लाजत पाइपांपाशी उभे राहायचे. अप्पा एकदा उलटा लावून उभे होते, आणि साहेबाने तो कुठला नवा प्रकार आहे म्हणून मान डोलावली होती. साहेबाची गाडी फाटकाबाहेर गेली की मी मास्क गोळा करायचो, पुसायचो आणि पुढच्या तपासणीसाठी प्लास्टिकच्या पिशवीत घालून कुलपात ठेवायचो. चौदा वर्षं तेच सहा मास्क होते. आणि दर महिन्याला रजिस्टरला नोंद व्हायची की प्रत्येकी एक नवा मास्क मिळाला. सहा माणसांना त्यासाठी बॉयलरवरून कोण बोलावणार? सह्या मीच करायचो. एकाची डाव्या हाताने, एकाची पेन तिरपं धरून, एकाची खाली लांब शेपूट काढून. वरच्यांनी मला तसं सांगितलं होतं, हे खरं. पण सहा जणांच्या सहा वेगळ्या तऱ्हा काढ असं कुणी सांगितलं नव्हतं. ती हौस माझी.

कारखान्याने तेच रजिस्टर कोर्टात दिलं. म्हणणं असं की मास्क दिले होते, अर्जदाराने ते हट्टाने वापरले नाहीत, आजाराला तोच जबाबदार. आणि सह्या माझ्यासमोर झाल्या हे सांगायला साक्षीदार म्हणून माझं नाव दिलं. ऑफिसात बोलावून मला गोड शब्दांत आठवण करून दिली की तुमच्या नोकरीची चार वर्षं उरली आहेत.

त्या संध्याकाळीही मी ओट्यावर जाऊन बसलो. पण अप्पांना सांगायची हिंमत झाली नाही. ते मलाच धीर देत होते की कीपरभाऊ, साक्षीला घाबरायचं न्हाई, मी हाय ना तिथं.

अप्पांच्या उलटतपासणीची तारीख आली. अप्पा लग्नातला कोट घालून निघाले. मी दुसऱ्या पक्षाचा साक्षीदार, तरी आम्ही एकाच एसटीने, एकाच सीटवर, काकूंनी दिलेली एकच शिदोरी खात बीडला गेलो. कोर्टाचा जिना तीन दम. साक्षीदार म्हणून मला बाहेर बाकावर बसवलं. आतून अप्पांचा आवाज तेवढा येत होता. "शरणार्थ, साहेब," त्यांनी न्यायाधीशांना नमस्कार केला. पुढचे शब्द कळले नाहीत.

अर्ध्या तासाने वकीलबाई बाहेर आल्या त्या लालबुंद, मागून अप्पा. अप्पांना कारखान्याच्या वकिलांनी रजिस्टरमधली सही दाखवून विचारलं होतं की ही तुमची आहे का. अप्पा म्हणाले, होय, माझीच.

"अप्पा, आपलं काय ठरलं होतं?" बाई म्हणत होत्या. "वकीलपत्रावरची तुमची सही बघा. एक अक्षर रेघेवर नाही. आणि रजिस्टरमधली कशी लग्नपत्रिकेवर छापल्यासारखी. आंधळासुद्धा सांगेल की ही तुमची नाही."

"तवा हात चांगला चालायचा, बाई," अप्पा म्हणाले आणि कोर्टाची भिंत चाचपू लागले.

परतीच्या एसटीत अप्पा खिडकीशी बसले. बीड मागे पडल्यावर माझ्याच्याने राहवलं नाही. मी म्हणालो, अप्पा, त्या सह्या मी केल्यात.

"ठावं हाय."

कधीपासून, असं विचारायचं होतं. पण अप्पांनीच सांगितलं.

"एकदा साबण मागायला स्टोअरच्या खिडकीशी आलतो. तुमी जीभ बाहेर काढून सह्या करायलते. लई मन लावून. माझी झाल्यावर तर वही लांब धरून बगितली, बरी आली का म्हणून." ते हसले, हसता हसता खोकले, आणि खोकला बराच वेळ थांबला नाही. मी पाठ चोळत राहिलो.

"मंग कावून म्हणालात, माझी म्हणून? दावा गेला ना अप्पा हातचा," मी म्हणालो. माझ्या तोंडून कधी नव्हे ते 'का'ऐवजी अप्पांचं 'कावून' निघालं.

अप्पा खिडकीबाहेर बघत होते. ऊसतोडीच्या गाड्या चालल्या होत्या.

"आमी सहा जण व्हतो. पाच गेले. कुणी टीबीनं, कुणी दम्यानं, आसं लिवलं कागदावर. आता बॉयलरची गोष्ट काढली तर घरी कुणाला कळत न्हाई. काशी 'हूं' म्हणते आन् झोपी जाते. तुमी एकलेच राहिले ज्यांला सगळं ठावं हाय. रोज सांजच्याला येऊन बसता. तुमाला कोर्टात खोटं पाडलं आसतं तर तुमी आले आसते का परत माझ्या ओट्यावर?"

त्यांना वाक्याच्या शेवटी 'सबब' म्हणायचं सुचलं नाही. 

पुढच्या तारखेला मी साक्षीला उभा राहिलो. कारखान्याच्या वकिलांनी विचारलं, या सह्या तुमच्यासमोर झाल्या का. मी म्हणालो, माझ्यासमोर नाही, माझ्याच हाताने झाल्या. मास्क वाटलेच नाहीत. सहाच होते, ते कपाटात असायचे.

वकीलसाहेबांनी कागद चाळल्यासारखं केलं. तेवढ्यात मागून आवाज आला.

"साहेब, माझी हरकत हाय. साक्षीदार खोटं बोलायलाय."

अप्पा बाकाला धरून उभे होते. वकीलबाईंनी त्यांचा कोट ओढला, तरी ते बसेनात.

न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही अर्जदार ना? ही साक्ष तुमच्याच बाजूची आहे."

"म्हणूनच हरकत हाय, साहेब. त्याची नोकरी जाईल."

कोर्टात हशा पिकला. न्यायाधीशही हसू दाबत होते. त्यांनी अप्पांना बसवलं आणि माझ्यासमोर कोरा कागद ठेवून म्हणाले, करून दाखवा. मला वाटलं होतं, इतक्या वर्षांनी जमणार नाही. पण हाताला सगळं आठवत होतं. डाव्या हाताची, तिरप्या पेनाची, लांब शेपटाची. सहा सह्या झाल्या. पेन खाली ठेवलं तेव्हा माझं मलाच दिसलं की पाच मेलेली माणसं माझ्या बोटांत अजून सही करत होती. अप्पांनी कागद बघायला मागितला. एकेका सहीवर बोट ठेवत ते एकेकाचं नाव पुटपुटत गेले. आणि हशा कधी थांबला ते कळलं नाही.

रजिस्टर पुरावा म्हणून टिकणार नाही असं वकीलबाई म्हणतात. निकाल अजून यायचा आहे. माझ्यावर कारखान्याने चौकशी बसवली आहे, तीही चालू आहे. काकूंचं ते जुनं पोतेरं मी स्वतः मागून घेतलं आणि त्याचं पुढे काय करायचं ते डॉक्टरांना विचारलं. बाकीच्या बायकांच्या घरी अजून जायचं आहे.

साक्षीच्या त्या दिवशी कोर्टातून बाहेर आल्यावर अप्पा माझ्यावर रागावले होते. फुरंगटून पुढे पुढे चालले, मध्ये थांबले, कुणाच्या तरी कंपाउंडची भिंत बघितली, पण गिलाव्याबद्दलही काही म्हणाले नाहीत. मी अंतर ठेवून मागे. स्टँडवर आमची एसटी लागली आणि झुंबड उडाली. माणसं खिडक्यांतून पिशव्या फेकून जागा धरू लागली. कसे कोण जाणे, अप्पा माझ्या आधी आत शिरले होते. मी रेटारेटीतून वर चढलो तेव्हा ते खिडकीशी बसले होते, तोंडाने हवा ओढत, आणि शेजारच्या सीटवर त्यांचा टॉवेल पसरलेला होता. एक धिप्पाड माणूस तो उचलायला वाकला. अप्पांनी टॉवेलावर पंजा दाबून धरला. माझ्याकडे न बघता, एकेक शब्द श्वासाश्वासाने काढत ते त्याला म्हणाले,

"हितं... आमचा माणूस... यायचाय."