आत्याबाईंचे जन्मसाल

वंशावळीच्या प्रोग्रॅमने आत्याबाईंच्या चौकटीवर लाल त्रिकोण काढला आणि खाली लिहिले, ‘या व्यक्तीला वयाच्या नवव्या वर्षी मुलगा झाला आहे. कृपया नाते तपासा.’

नाना निवृत्त मुद्रितशोधक होते. दुसऱ्यांच्या चुका काढण्यातच त्यांची नोकरी सरली होती. घराण्याची माहिती संगणकात भरताना त्यांनी प्रत्येक गोष्ट दोनदा तपासली होती. आत्याबाईंचे साल तर खुद्द त्यांच्या तोंडून घेतलेले. नाते बरोबरच होते. फक्त आत्याबाई, कुणी वय विचारले की, दर खेपेला थोडे कमी सांगत आल्या होत्या. आजवर ते खपून गेले, कारण माणसे भिडस्त असतात. प्रोग्रॅमला भीड नव्हती.

आत्याबाईंना दुखवण्याची नानांची मात्र छाती नव्हती. पडद्यावर नानांच्या स्वतःच्या चौकटीच्या वर आईची चौकट होती आणि तिच्यात नावापलीकडे काही नव्हते. नाना पाळण्यात असतानाच आई गेली. तिच्याबद्दल सांगू शकेल असे एकच माणूस आता उरले होते, आणि ते शेजारच्या खुर्चीत बसून त्रिकोणाकडे रागाने पाहत होते.

“हे काय ठेवलंयस माझ्या डोक्यावर?”

“आत्या, ते म्हणतंय, सालात काहीतरी गडबड आहे.”

“माझ्या सालाला हात लावायचा नाही. आधी हे काढ. मग तुझ्या आईचं सांगते.”

नानांनी निमूटपणे आतेभावाला दहा वर्षांनी लहान केले. त्रिकोण गेला. पण प्रोग्रॅम प्रत्येक दुरुस्ती सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर कळवत असे, हे ते विसरले होते. लगेच फोन वाजला.

“नाना, मी दहा वर्षांनी लहान झालो?” आतेभाऊ विचारत होता.

“तात्पुरता रे.”

“नाही, असू दे. सकाळपासून गुडघाही दुखला नाही बघ.”

मागून त्याच्या बायकोने फोन हिसकावला. “नाना, लग्नात ह्यांना चौदावं वर्ष होतं असं आलंय! मी काय शाळेतून पळवून आणलं का ह्यांना?”

नानांनी माफी मागितली आणि लग्न दहा वर्षे पुढे ढकलले. आता आतेभावाची मुलगी लग्नाच्या आठ वर्षे आधी जन्मली होती. पुन्हा फोन.

“आता तर तुम्ही कमालच केलीत! माझ्या माहेरचेही आहेत हो त्या ग्रुपवर!”

नानांनी मुलीलाही दहा वर्षे पुढे सरकवले. तशी तिच्या जुळ्या मुली, आईच्या तेराव्या वर्षी झाल्यामुळे, लाल झाल्या. नानांनी त्यांनाही ढकलले, तेव्हा प्रोग्रॅमने ‘या व्यक्ती अद्याप जन्मलेल्या नाहीत’ असे म्हणून दोघींना झाडावरून उतरवले.

या वेळी जुळ्यांच्या आईचा फोन आला.

“नाना, माझ्या पोरी कुठे गेल्या?”

“येतील गं. दोनेक वर्षांत येतील.”

“त्या इथे दप्तर टाकून बसल्यात. म्हणतात, आम्ही जन्मलोच नाही तर शाळेत कशाला जायचं?”

स्वयंपाकघरातून नानांच्या बायकोचा आवाज आला. “अहो, अख्खं घराणं पुढे ढकलत बसण्यापेक्षा एका माणसाला मागे घ्या ना!”

आत्याबाईंनी ऐकूच आले नाही असे दाखवले.

नानांनी कीबोर्डवरचे हात उचलून मांडीवर ठेवले. “राहू दे आत्या. सगळ्यांना होतं तिथं परत ठेवतो. तुझ्या सालाला हात लावत नाही, त्रिकोण तेवढा राहील. आईची चौकट रिकामी तर रिकामी. इतकी वर्षं तशीच आहे.”

आत्याबाईंनी खुर्ची त्या रिकाम्या चौकटीजवळ सरकवली.

“पंचेचाळीस,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“तुझ्या आईचं साल. लिही. माझ्याच वर्गात होती. एका बाकावर बसायचो आम्ही. हसायला लागली की बाक हलायचा. बाई दोघींना बाहेर काढायच्या. मीच हट्ट करून आणली तिला, दादासाठी.”

नाना लिहीत होते. लिहून झाल्यावर त्यांनी चाचरत विचारले, “एका वर्गात, म्हणजे मग तूही पंचेचाळीसची?”

आत्याबाईंनी पदर सारखा केला. “मी दोनदा नापास झाले होते. त्रेचाळीस.”

नानांनी त्रेचाळीस लिहिले आणि बाकीची साले परत जागेवर आणली. पाठोपाठ आतेभाऊ म्हातारा झाला, त्याचे लग्न वेळेवर लागले, जुळ्या पुन्हा जन्मल्या. पडद्यावर एकही त्रिकोण उरला नाही.

सवयीने नानांनी सगळे एकदा वरून खाली तपासले. आत्याबाईंच्या शेजारच्या चौकटीत, आतोबांच्या फोटोखाली, चव्वेचाळीस साल होते.

“आत्या,” नाना चकित होऊन म्हणाले, “आतोबा तुझ्याहून वर्षानं लहान होते?”

आत्याबाईंनी चटकन पडद्यावरच्या त्या फोटोवर तळहात ठेवला.

“हळू बोल,” त्या म्हणाल्या. “त्यांना माहीत नाही.”