जिथे आपलं कोणी नाही

बदामीची लेणी बघायची, तिथेच तंबूत दोन दिवस राहायचं, तिघींनीच जायचं आणि या दोन दिवसांत कोणी परातीला हातसुद्धा लावायचा नाही, हा ठराव सोलापुरात कंबर तलावाच्या दुसऱ्या फेरीत एकमताने पास झाला. ठराव मांडला सिद्धेश्वरी बिराजदारने. ती एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क होती. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती. एवढ्या काळात ती श्रीशैलला गेली, गाणगापूरला गेली, महाबळेश्वरलाही गेली आणि तिन्ही ठिकाणी तिने पिठलं केलं. महाबळेश्वरला तर पॉइंट बघायला सगळे गेले आणि ही लॉजच्या मागे स्टोव्ह पेटवत बसली. तिला एकदा, फक्त एकदा, आयतं जेवायचं होतं. मागणी फार मोठी होती असं कोणीही म्हणणार नाही.

तिच्याबरोबर रोज फिरायला येणाऱ्या दोघी म्हणजे शिवणकाम करणारी अजीजा आणि शेजारच्या गल्लीतल्या सावित्रम्मा. सावित्रम्मा साठी ओलांडलेल्या, मूळच्या अक्कलकोटकडच्या, म्हणून दोघी त्यांना अक्का म्हणायच्या. अजीजाच्या नवऱ्याची, कासीमची, ड्रायव्हर सोडून तेरा सीटची ट्रॅव्हलर गाडी होती. त्यामुळे गाडीचा प्रश्नही मिटला.

सिद्धेश्वरीच्या नवऱ्याने, अमरेशने, परवानगी वगैरे द्यायचा आव आणला नाही. मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवणारा साधा माणूस तो. त्याने एवढंच केलं की कौतुकाच्या भरात विजापूरला बहिणीला फोन लावला आणि सांगितलं, तुझी वहिनी तुझ्या दारावरून बदामीला चालली आहे.

पाचव्या मिनिटाला त्या नणंदेचा, महादेवीचा, फोन आला.

"वैनी, माझं घर हाय की हितं. तंबू कशाला?"

"अगं, तंबूत राहायचं म्हणूनच चाललोय आमी."

"घर असताना? सासूबाई इचारायल्यात, भावजयीला घरात घेत न्हाईस का म्हणून. मी काय सांगू त्यास्नी?"

सिद्धेश्वरीने शेवटी एका जेवणावर तडजोड केली. पण महादेवीकडे जेवायचं तर बागलकोटच्या धाकट्या नणंदेकडेही जेवायला हवं, नाहीतर ती वर्षभर बोलणार नाही. दोन्ही घरी ओटी भरायची म्हणजे परत देण्यासाठी खण घ्यायला हवेत. त्यात सावित्रम्मांना आठवलं की इंडीला त्यांचा भाचा असतो. आणि या सगळ्या घरांत नणंद भाकरी थापत असताना भावजय सोफ्यावर बसून राहील हे शक्य नव्हतं. सिद्धेश्वरीने हिशेब केला. बदामीला पोहोचेपर्यंत तिला सुमारे साठ भाकरी थापाव्या लागणार होत्या.

"बदामी रद्द," ती दुसऱ्या दिवशी तलावावर म्हणाली. "वेरूळला जाऊ."

अजीजाने कपाळाला हात लावला. "वेरूळपासनं अर्ध्या तासावर माझा भाऊ राहतोय. खालिद."

"मग सांगूच नको त्याला."

"त्याला आपोआप कळतंय. आन कळलं की तो बिर्याणीची देग चढवतोय. देग चढली की कांदा कोण कापणार? मीच की."

तेव्हा कुठे सिद्धेश्वरीच्या लक्षात आलं की अडचण गावात नाही, नातेवाइकांत आहे. तिने शाळेतला महाराष्ट्राचा जुना नकाशा घरी आणला, जमिनीवर पसरला आणि दोघींना पेन्सिली दिल्या. ज्या गावात आपलं कोणी आहे त्या गावावर फुली मारायची. कार्ल्याची लेणी लगेच गेली, कारण वाटेत पुणे, आणि पुण्यात नातेवाईक नसलेला सोलापूरकर अजून जन्माला यायचा आहे. कऱ्हाडला सावित्रम्मांचे व्याही निघाले. नाशिकला अजीजाची मावशी होती आणि तिचे गुडघे दुखत होते, म्हणजे तिथे भेट सक्तीची. तासाभरात नकाशा फुल्यांनी भरला. उरलं ते जुन्नर. तिथे डोंगराडोंगरांत लेणी होती, तंबू होते आणि टेंभुर्णी, करमाळा, नगर, आळेफाटा या वाटेने गेलं तर पुणं सबंध टाळता येत होतं.

तिथल्या तंबूवाल्याचं नाव उदयसिंह. सिद्धेश्वरीने फोनवर आधी त्याचीच चौकशी केली. बिराजदार ऐकलेत का? नाही. सोलापूरला कोणी मुलगी दिलीय का? नाही. अक्कलकोट, इंडी, विजापूर? तो बिचारा गोंधळून गेला.

"ताई, मी काय तुमच्या ओळखीचा नाही बघा."

"लई बरं झालं. जेवायचं कसं असतंय तितं?"

"आमची माणसं करतात. चुलीवरची भाकरी, पिठलं, भरीत. तुम्ही फक्त पानावर बसायचं."

हे शेवटचं वाक्य तिने त्याला पुन्हा एकदा म्हणायला लावलं आणि फोन स्पीकरवर टाकला, म्हणजे दोघींनाही ऐकता यावं. सावित्रम्मांनी डोळ्यांना पदर लावला.

संध्याकाळी अमरेश दुकानातून आला तेव्हा ती खुशीतच होती. त्याने हातपाय धुतले, चहा घेतला आणि विचारलं, "जुन्नरला आपलं कोण हाय?"

"कुणीच न्हाय," ती अभिमानाने म्हणाली.

"मग तुमी तिघी बायका एकट्या कशा जाणार?"

जिथे आपलं कोणी आहे तिथे गेलं तर राबायचं, आणि जिथे कोणी नाही तिथे जायचंच नाही. म्हणजे बाईने नेमकं जायचं कुठे? हा प्रश्न सिद्धेश्वरीने त्याला विचारला. अमरेश विचारात पडला. तो मनाने वाईट नव्हता, म्हणून त्याने त्यातून मार्गही काढला. तो म्हणाला, "काळजी करू नको, मी येतो की."

एक पुरुष येतो म्हटल्यावर बाकीचे का मागे राहतील? अमरेशने मित्राला घेतलं. त्याचं नाव गुरप्पा, कॉलेजात असताना एनसीसीच्या शिबिरात राहिला होता, म्हणून त्याला तंबूतला जाणकार मानायचं ठरलं. सावित्रम्मांचा मुलगा चनमल्लप्पा म्हणाला, आईला एकटीला कसं सोडायचं. त्याची बायको दवाखान्यात नर्स, तिला त्या शनिवार-रविवारी ड्युटी होती, म्हणून दोन्ही मुलंही त्याच्यासोबत आली. बाप गाडी चालवतोय आणि आपण घरी, हे अजीजाच्या आवेज, समरा आणि इफ्राला पटलं नाही. आणि विजापूरची महादेवी फोनवर रडली. बायकांचं काय ते ठीक होतं, पण आता भाऊही चाललाय आणि बहिणीला विचारत नाही? तिला विचारलं. ती नवरा, दोन मुलगे आणि सासूबाई अशा चौघांना घेऊन शुक्रवारी संध्याकाळीच दाखल झाली. त्या सगळ्यांचा स्वयंपाक कोणी केला हे सांगायची गरज नाही.

तरी सिद्धेश्वरीने धीर सोडला नाही. सोळा काय, सव्वीस माणसं येऊ देत, तिथे पानावर फक्त बसायचं आहे, असं ती मनाला बजावत होती. पण रात्रीची भांडी आवरताना तिला दाराशी गॅसची शेगडी, मोठी परात आणि ज्वारीच्या पिठाचं दहा किलोचं पोतं दिसलं.

"हे कशाला?"

"अगं, मी त्या उदयसिंहांना फोन केला," अमरेश हौसेने म्हणाला. "म्हटलं, जेवणाचं तेवढं राहू द्या. आमच्या बायका हायत की बरोबर. बाहेरचं कशाला खायचं? त्यांची भाजी आपल्याला मिळमिळीत लागणार."

रागाची अशी एक पायरी असते की तिथे माणसाला शब्द सुचत नाहीत, आणि सिद्धेश्वरी तिथे येऊन पोहोचली होती. तिने परात उचलली, परत खाली ठेवली आणि झोपायला निघून गेली.

शनिवारी सकाळी सात वाजता कासीमची गाडी दारात आली. सामान टपावर चढलं, माणसं आत चढली आणि तीन माणसं खालीच राहिली. दाटीवाटीने बसू, मांडीवर घेऊ, असं सगळे म्हणाले, पण कासीमने ऐकलं नाही.

"देखो भई, सीटां तेराच हैं," तो म्हणाला. "एक बी जादा बिठाया तो मेराच लायसन्स जाता. तिघं मागं राहा, मगच गाडी हलेल."

मग कोणी मागे राहायचं याचा विचार सुरू झाला. पुरुष उतरू शकत नव्हते, कारण ते सोबत म्हणून चालले होते. मुलं उतरली असती तर रडली असती. महादेवी आणि तिच्या घरचे पाहुणे, पाहुण्यांना कसं उतरवायचं? सगळीकडून विचार करून झाला. सगळ्यांच्या नजरा हळूहळू पर्स घेऊन खाली उभ्या असलेल्या तिघींवर येऊन थांबल्या.

"अगं, तुमाला काय, परत कदीबी जाता येतंय," अमरेश खिडकीतून समजुतीने म्हणाला. "पोरांचा हिरमोड कशाला? समजून घे की जरा."

सिद्धेश्वरीने तोंड उघडलं. ठराव कोणाचा होता, नकाशा कोणी आणला, सोबत कोणाची आणि कोणासाठी, सव्वीस वर्षांचं सगळं ओठांवर आलं होतं. गल्लीतली दोन माणसं ऐकायला म्हणून थांबलीसुद्धा. तेवढ्यात तिची नजर टपावर गेली. तिथे दोरीने आवळून बांधलेली शेगडी होती, परात होती, पिठाचं पोतं होतं. तिने अजीजाकडे बघितलं. अजीजाही वरच बघत होती.

"बरं," सिद्धेश्वरी म्हणाली. "जाऊन या."

गाडी इतक्या झटक्यात समेट झाल्याच्या आनंदात निघून गेली. तिघी सिद्धेश्वरीच्या घरात येऊन बसल्या. सिद्धेश्वरीचा राग मात्र गेलेला नव्हता, तो आता उलट मोकळा सुटला होता.

"तेरातल्या एकाला तरी वाटायला पायजे होतं की न्हाय, यांची सहल हाय म्हणून?" ती म्हणाली. "एकजण तरी म्हणाला असता, मी उतरतो. मी नको म्हटलं असतं. पण म्हणायला काय जात होतं?"

"ब्याडवा, नको गं, सोड," सावित्रम्मा म्हणाल्या. "राग करून घेऊ नको."

"मी करणार. रागाला तरी कुणी वाटेकरी नको मला."

अकराच्या सुमारास फोन वाजला. गाडी करमाळ्याला चहाला थांबली होती.

"अगं," अमरेशचा आवाज जरा खाली आलेला होता. "तितं गेल्यावर भाकरी कोण करणार?"

ही शंका यायला त्याला सव्वाशे किलोमीटर लागले होते.

"महादेवीला सांगा."

"ती म्हणती, मी पाहुणी हाय. सासूबाईंचे हात दुखायलेत."

"मग उदयसिंहांना फोन करा."

"केला. ते म्हणाले, तुमीच नको म्हणालात म्हणून आचारी गावाला गेला." त्याने आवाज आणखी खाली आणला. "भाकरीला पाणी गरम घेतात का गार?"

"बघा की दोन्ही करून," सिद्धेश्वरी म्हणाली आणि फोन पालथा ठेवला.

पंखा फिरत होता. बाहेर भंगारवाला ओरडत गेला. सावित्रम्मांनी सवयीने पदर खोचला, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि विचारलं, "मग, आता जेवायला काय करायचं?"

अजीजाने पाय लांब केले. सिद्धेश्वरीने पाठीमागे लोड घेतला. सावित्रम्मांनी दोघींकडे आळीपाळीने बघितलं आणि खोचलेला पदर हळूच सोडला. साडेबारा वाजले, मग एक वाजला, मग सव्वा. तिघींतली एकही उठली नाही.