कुमुदसाठी कॅमेरा

नांदुरगी गावात माणूस वारला की कॅमेऱ्याने त्याला शेवटचं जसं टिपलं असेल तसा तो घरात राहतो, म्हणून तिथले लोक कॅमेरा फार विचार करून घेतात. अंत्यसंस्कार रीतसर होतात, रडारड होते, आणि तेराव्याच्या सकाळी माणूस आपल्या जागी असतो. फोटो काढलेला असेल तर न हलता. व्हिडिओ असेल तर तेवढ्यापुरता हलता-बोलता. संपला की पुन्हा पहिल्यापासून. आधीचे फोटो कितीही चांगले असले तरी ते धरत नाहीत. जे शेवटचं, तेच. असं का, हे गावात कोणी विचारत नाही. नळाला पाणी एक दिवसाआड का, हेही कोणी विचारत नाही.

मुरलीधर खैरनारच्या बायकोला, कुमुदला, डॉक्टरांनी तपासलं. रिपोर्ट उजेडाला धरून पुन्हा पाहिले. मग मुरलीधरला बाहेरच्या बाकाशी आणून हलक्या आवाजात विचारलं, "घरी कॅमेरा आहे का?"

"मोबाइल आहे."

"मोबाइलवर राहू नका," डॉक्टर म्हणाले. "चांगला घ्या. आणि लवकर घ्या."

मुरलीधरने जन्मभर पिठाची गिरणी चालवली होती. गिरणी विकून टाकली तरी तिची थरथर त्याच्या हातांत राहून गेली. कुमुद त्याला चहाचा कप नेहमी अर्धाच भरून द्यायची, आणि तो संपला की न सांगता उरलेला अर्धा ओतायची. हाताची थरथर टिपलेल्या माणसात उतरते, हे मुरलीधरला कोणी सांगायची गरज नव्हती. त्याच्या आईचा व्हिडिओ त्यानेच घेतला होता. आई देवघरापुढे वाती वळत बसलेली होती, पण ती इतकी हलायची, की तिच्या समोर कोणी फार वेळ बसू शकत नसे. पाहुणे आले की आईवर चादर टाकायची पद्धत पडली. शेवटी एका दुपारी कुमुदने कॅमेरा उघडला आणि व्हिडिओसकट आईला पुसलं. मुरलीधर त्या वेळी गिरणीवर जाऊन बसला होता.

बाजारपेठेत आनंदा शिंपीचं कॅमेऱ्याचं दुकान होतं. मुरलीधर आला तेव्हा आनंदाने त्याचे हात पाहिले आणि काही न विचारता खुर्ची पुढे केली.

"काकूंसाठी?"

"हो."

"फोटोसाठी पाहिजे की व्हिडिओसाठी?"

"दोन्हीसाठी."

"दोन्ही करणारा मिळेल. पण राहणार एकच. ते घरी ठरलंय का?"

"नाही."

"बहुतेकांचं ठरलेलं नसतं," आनंदा म्हणाला आणि कपाट उघडलं.

त्याने काचेवर आधी एक जड कॅमेरा ठेवला आणि लगेच बाजूला सरकवला. "हा आरशाचा. हा घेऊच नका. फोटो काढताना आतला आरसा उचलला जातो, खटाक वाजतं. माणूस दचकतो आणि दचकलेलाच राहतो. माळी गुरुजींना बघितलंय ना तुम्ही?"

मुरलीधरने बघितलं होतं. माळी गुरुजी ओसरीवर खांदे वर करून बसलेले असत, कोणीतरी पाठीमागून रागावल्यासारखे. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांना दचकवलं होतं, पण तरीही ते बघवत नसे.

"आता सगळे बिनआरशाचेच घेतात," आनंदा म्हणाला. "आवाज पूर्ण बंद करता येतो. प्रश्न आहे तो तुमच्या हातांचा." त्याने दुसरा एक हलका, देखणा कॅमेरा उचलला. "हा स्थिर करतो म्हणतात. पण नुसता गणिताने करतो. चित्राच्या कडा कापतो आणि मधला भाग धरून ठेवतो. वाण्यांच्या काकांना याने घेतलं होतं."

"त्यांना पावलं नाहीत."

"कडेला होती, ती गेली. बाकी काका उत्तम आहेत."

मग त्याने तिसरा कॅमेरा काढला. त्याच्या आतली चित्र उमटणारी पट्टीच तरंगती होती. हात डावीकडे गेला की ती उजवीकडे सरकायची, हात खाली गेला की वर. मुरलीधरने कॅमेरा डोळ्यांसमोर धरला. त्याचे हात नेहमीसारखे थरथरत होते, पण मागच्या पडद्यावर आनंदा, त्याच्यामागचं कपाट आणि कपाटावरचं घड्याळ निश्चल होतं. आपल्या दोन हातांच्या मध्ये इतकं स्थिर काही मुरलीधरने कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. तो पाहतच राहिला.

"डोळे ओळखून धरतो," आनंदा सांगत होता. "नाहीतर कासारांच्या आजीसारखं होतं. आजी पुसट, आणि मागचं कॅलेंडर स्पष्ट. एकच सांभाळा. व्हिडिओ लांबला की हा तापतो आणि बंद पडतो. मग माणसाचं वाक्य अर्ध्यावर तुटतं. बेताचं घ्या."

"आणि पुसायचं झालं तर?"

"मेनूत आहे. पण पुसलं की गेलं, काका. मग आधीचं काही धरत नाही. जागा रिकामी होते."

मुरलीधरने तो कॅमेरा घेतला.

कुमुद पुढच्या खोलीत खिडकीजवळच्या कॉटवर होती. तिने पिशवीकडे पाहिलं आणि ती काय आहे हे तिला कळलं.

"मला ठेवू नका," ती म्हणाली.

"असं काय बोलतेस?"

"खरं तेच. दमले मी. गेल्यावर तरी जाऊ द्या."

"लोक काय म्हणतील, की खैरनारने बायकोला एवढंही केलं नाही?"

"लोक दोन दिवस म्हणतील." ती थोडा वेळ थांबली, बोलताना तिला श्वास पुरत नसे. "सासूबाईंना मी पुसलं. तुमच्याने झालं नाही. मला कोण पुसणार?"

"तुला पुसायची वेळच येणार नाही. हा चांगला आहे. तू अजिबात हलणार नाहीस."

त्याने कॅमेरा काढून तिला दाखवला. तिने तो हातात घेतला नाही, पण मुरलीधरचा चेहरा मात्र बराच वेळ पाहिला. लग्नानंतर काही महिन्यांनी गिरणीसाठी तिच्या बांगड्या मागताना त्याचा चेहरा असाच झाला होता. त्या वेळीही तिने फार वाद घातला नव्हता.

"बरं," ती म्हणाली. "मग एक करा. मला काम करताना काढू नका. ती शेजारच्या इंदूबाईंची जाऊ बघा, अजून तांदूळ निवडतेय."

"नाही काढणार."

"आणि हसायलाही सांगू नका."

पहिल्या दिवशी त्याने तिचा बसलेला फोटो काढला. फोटो सुरेख, धारदार आला. इतका, की डोळ्यांखालची काळी वर्तुळं आणि हाताला टोचलेल्या सुईची खूण वेगवेगळी मोजता आली असती. ही कुमुद कायमची आजारी राहिली असती. त्याने दुसऱ्या दिवशी तिला हिरवं लुगडं नेसवून, केस विंचरून काढलं. त्यात ती अनोळखी लोकांच्या लग्नात येऊन एकटीच बसल्यासारखी दिसत होती. मग त्याने व्हिडिओ घेऊन पाहिला. बोल काहीतरी, असं सांगितल्यावर ती म्हणाली, "काय बोलू?" तेवढंच आलं. तो व्हिडिओ त्याने पाठोपाठ लावून पाहिला, आणि जन्मभर रोज सकाळपासून हा प्रश्न ऐकायचा, या विचाराने त्याला जेवण गेलं नाही.

पुढे तो रोज काढू लागला. कधी फोटो, कधी व्हिडिओ. न सांगता काढलं तर ती खिडकीबाहेर बघत असायची आणि आपण घरात नसल्यासारखं त्याला वाटायचं. सांगून काढलं तर ती त्याच्यासाठी चेहरा करायची. तो म्हणायचा, "जरा डावीकडे वळ. उजेड येऊ दे." ती वळायची. हळूहळू तो तिच्याशी याशिवाय दुसरं फारसं बोलेनासा झाला. तिचं औषध शेजारच्या इंदूबाई वाणी देऊ लागल्या, कारण उजेड चांगला असायचा नेमका त्याच वेळी. तिच्याकडे थेट पाहिलं तर ती किती वाळत चालली आहे ते दिसायचं. पडद्यावर ती लहान आणि स्थिर असायची. तो पडद्यावरच पाहायचा.

कालची कुमुद आजच्यापेक्षा बरी होती, हे त्याला रोज कळायचं. पण धरली जाणार होती आजची. म्हणून तो उद्याची आशा धरायचा, आणि उद्याची आजच्याहून वाईट निघायची.

तो पुन्हा दुकानात गेला. आनंदाने सगळे फोटो, सगळे व्हिडिओ शांतपणे पाहिले.

"कुठला धरू?" मुरलीधरने विचारलं.

"तो परवाचा चांगला होता."

"तो आता धरत नाही."

"माहीत आहे. काका, कुठेतरी थांबा. आज जाऊन एक काढा आणि कॅमेरा पेटीत घाला."

"फोटो काढू की व्हिडिओ?"

आनंदाने कॅमेरा बंद करून काचेवर ठेवला. मग म्हणाला, "मी माझ्या वडिलांचं काहीच घेतलं नाही. दुकानात एवढे कॅमेरे होते. रोज वाटायचं, यापेक्षा चांगला येणार आहे."

मुरलीधर घरी आला तो ठरवून, की आज शेवटचं. कुमुद उशीला टेकून बसली होती. खिडकीतून दुपारचं ऊन तिच्या गालावर आलं होतं. ती त्या दिवशी बरी दिसत होती. तो दारातच उभा राहिला, कारण तिथून चौकट चांगली बसत होती. त्याने फोटोची कळ फिरवली. मग वाटलं, फोटो नको, निदान आवाज राहू दे. त्याने व्हिडिओची फिरवली. मग वाटलं, आवाज रोज ऐकवेल का? त्याने मेनू उघडला. बटणं बारीक होती, बोटं जागेवर पडत नव्हती. पडद्याच्या कोपऱ्यात लाल ठिपका आला होता, तो त्याने पाहिला नाही.

"अहो," कुमुद म्हणाली, "ठेवा ना ते आता खाली. जरा माझ्याजवळ बसा." आणि तिने कॉटच्या कडेवर हात थोपटला.

"एक मिनिट," मुरलीधर म्हणाला आणि पुढचं बटण दाबलं. लाल ठिपका गेला, तेही त्याने पाहिलं नाही.

शेवटी त्याला मेनूत सगळं मनासारखं लावता आलं. मान वर करून पाहिलं तेव्हा कुमुदचं डोकं उशीवरून कलंडलेलं होतं आणि तिचा हात अजून कॉटच्या कडेवरच होता.

तेराव्याच्या सकाळी ती कॉटवर होती. ऊन गालावर, पाठ उशीला. ती दाराकडे बघून म्हणाली, "अहो, ठेवा ना ते आता खाली. जरा माझ्याजवळ बसा." हात थोपटला. मग दाराच्या बाजूने, कोणी नसलेल्या ठिकाणाहून, मुरलीधरचा आवाज म्हणाला, "एक मिनिट." मग पुन्हा पहिल्यापासून.

गावातले लोक येऊन पाहून गेले. सगळ्यांनी चांगलंच म्हटलं. इंदूबाई म्हणाल्या, "भाऊ, केसभरसुद्धा हलत नाहीत हो वहिनी. तुमच्या हातून असं येईल असं वाटलं नव्हतं." आनंदा आला, तोही म्हणाला की काकूंचा प्रत्येक केस दिसतोय. तो कोपऱ्यातल्या स्टुलावर थोडा वेळ बसला, मुरलीधरचा आवाज दोन-तीनदा ऐकला, आणि चहा न घेता गेला.

मुलगी वैजयंती नाशिकहून आली होती, ती जास्त दिवस राहिली. तिने वडिलांना कॉटवर बसवलं आणि स्वतः दारात उभी राहिली, म्हणजे आई कोणाकडे तरी बघेल. आई तिच्याकडे बघून म्हणाली, "अहो." वैजयंती स्वयंपाकघरात निघून गेली. संध्याकाळी डोळे पुसून बाहेर आली आणि म्हणाली, "बाबा, आईला हे नको होतं. मला फोनवर सांगितलं होतं तिने. मी पुसू का?"

"मी पुसतो," मुरलीधर म्हणाला.

त्याने कॅमेरा घेतला, मेनू उघडला. पडद्यावर प्रश्न आला, पुसायचं का. खाली 'हो' आणि 'नाही'. त्याचं बोट दोन्हींवर थरथरत राहिलं. कॅमेऱ्यातली तरंगती पट्टी बोटाला काही मदत करत नव्हती. कॉटवरून कुमुद म्हणाली, जरा माझ्याजवळ बसा. त्याने 'नाही' दाबलं. दुसऱ्या दिवशी वैजयंती दोन्ही वेळचा डबा लावून नाशिकला गेली.

मुरलीधर सकाळी तिच्याजवळ बसतो. कॉटच्या कडेवर बसलं की तिचा हात त्याच्या मांडीवर पडतो, ठराविक वेळाने, हलकासा. पण ती बघत असते दाराकडे. त्याने मान वळवून तिच्या डोळ्यांसमोर येऊन पाहिलं. ती त्याच्यातून आरपार दारच बघते. म्हणून दुपारी ऊन आलं की तो उठतो आणि दारात जाऊन उभा राहतो. पाय दुखतात, पण तिथे उभं राहिलं की ती नीट त्याच्याकडे बघते, आणि ठेवा ना ते आता खाली, असं म्हणते. तो दोन्ही रिकामे हात पुढे करून तिला दाखवतो. ती कॉट थोपटते. तो पाऊल उचलतो, आणि त्याच्याच शेजारून त्याचा आवाज म्हणतो, "एक मिनिट."