जावेच्या नावानं

कौसाअक्कांना कधी काही होत नाही. जे काही होतं ते त्यांच्या जावेला होतं.

आमच्या चिखलीतल्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर गुरुवारी दुपारी पाळी जायच्या वयातल्या बायका जमतात. डॉक्टरबाई येतात, योगाच्या बाई येतात, कधी खाण्यापिण्याचं सांगणारी एक मुलगी येते. आम्ही बहुतेक जणी नवऱ्याच्या नोकरीपायी इथे आलेल्या, मी लातूरची. अक्का मात्र मूळ गावातल्या. आल्या की पंख्याखालची खुर्ची धरतात, पंखा पाचावर करतात आणि विचारतात, "आमच्या जावंला एकाएकी अंगातनं वाफा निघत्यात. काय करायचं?" विचारताना स्वतःच्या कपाळावरून घाम ओघळत असतो.

श्वासाचा व्यायाम चालू असताना एक डोळा उघडून म्हणणार, "जावंचं गुडघं धरल्यात, खुर्चीत बसून चालंल का?" नाचणीचे लाडू वाटले तर दोन उचलणार, एक जावेचा. "अहो, जाऊबाईंनाच आणा की," डॉक्टरबाई म्हणाल्या, तर म्हणे, "तिला येळ न्हाई."

ही जाऊ म्हणजे अक्का स्वतःच, असं आम्ही केव्हाच ठरवून टाकलं होतं. मी तर तोंडावर म्हणायची, "अक्का, जावेला घाम पुसायला सांगा." त्याही आमच्याबरोबर खो खो हसायच्या.

मग एका गुरुवारी डॉक्टरबाईंनी सांगितलं, पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर अंगावर काढू नका, लगेच तपासून घ्या. अक्कांचा चेहरा उतरला. व्यायामाला न थांबता त्या घरी निघाल्या. मला राहवेना, मीही मागोमाग गेले.

गावठाणातलं घर, अंगणाच्या मधोमध भिंत. अक्का गोठ्यात म्हशीसमोर उभ्या राहून घसा फोडून ओरडत होत्या, "बाई म्हणाल्या, परत रगात दिसलं तर अंगावर काढू नगं! तपासायला जायाचं! ऐकतीस का?"

म्हैस रवंथ करत होती. भिंतीपलीकडचा भांडी घासायचा आवाज मात्र थांबला. लेकी बोले सुने लागे हे ठाऊक होतं. म्हशीला बोलून जावेला लागतं, हे तिथे पाहिलं.

जाऊ खरीच होती तर! मला पाहून अक्कांनी सगळं सांगितलं: जमीन कंपनीत गेली, हिश्श्यावरून दोघा भावांचं फाटलं, आणि भाऊ बोलत नाहीत म्हटल्यावर त्यांच्या बायकांनीही बोलायचं नाही, ही रीतच.

"पर दोरीवरची कापडं दिसत्यात की मला," अक्का हळूच म्हणाल्या. "तिची पाळी जाऊन लई दिस झालं. आन् आता पुन्हा... येळंवर गेली न्हाई तर?" त्यांचे डोळे भरले.

पुढच्या गुरुवारी एक उंच, सुकलेली बाई एकटीच हॉलमध्ये आली आणि लांबच्या खुर्चीवर बसली. कोणी सांगितलं विचारल्यावर म्हणाली, "म्हशीनं." डॉक्टरबाईंना तिने सगळं नीट सांगितलं, तपासणीची चिठ्ठी घेतली.

"उद्याच जाते," ती म्हणाली. मग तिने अक्कांकडे हात केला. "आता हिचंबी बघा. रोज पहाटं गोठ्यात बसून रडती. भिंतीला कान एकाच अंगाला असत्यात व्हय?"

जाऊबाई उठल्या, खुर्ची ओढत पंख्याखाली आणली आणि अक्कांना अगदी लागून बसल्या.

"सांग की," त्या थेट अक्कांना म्हणाल्या. "मी हाय."