काकी, कुठला टर्बो बसवू?

"काकी, काकांना विचारून लवकर सांगा. फिक्स्ड टर्बो बसवू की व्हेरिएबल?"

मेकॅनिकचा फोन आला तेव्हा काकी दुकानाच्या मागच्या खोलीत फरशीचे नमुने पुसत होत्या. प्रश्न ऐकून त्यांचा हात फडक्यासकट थांबला. दुकानाची पिकअप गॅरेजात पडली आहे, हे त्यांना माहीत होतं. चढ लागला की तिला धाप लागते आणि मागून काळा धूर येतो, हेही माहीत होतं. पण तिच्या पोटात टर्बो नावाचं काही असतं, त्याच्या दोन जाती असतात आणि त्यातली एक आपण पसंत करायची असते, हे नवीनच होतं. त्यांच्या काळात पसंतीची एवढी भानगड नव्हती. लग्नाला मुलगासुद्धा एकच पाहिला होता.

"फरक काय रे दोन्हींत?"

"फिक्स्ड स्वस्त आणि दणकट. व्हेरिएबल महाग, पण चढाला बरा. टेकडीवरच्या शाळेच्या फरशा उद्या पोचवायच्यात ना?"

पोचवायच्या होत्याच. गवंडी सकाळीच फोनवर कडाडला होता. उद्या संध्याकाळपर्यंत फरशा वर आल्या नाहीत तर तो समोरच्या दुकानातून माल उचलणार होता. आणि समोरचं दुकान म्हणजे काकांच्याच हाताखाली शिकून, काकांचीच गिऱ्हाइकं घेऊन गेलेल्या माणसाचं. काकांचा जीव शाळेपेक्षा त्या दुकानात जास्त अडकला होता.

"तुझ्या भावाला बोलाव," काका म्हणाले. "तो गाड्यांतला."

भाऊ मोटार चालवायला शिकवायचा. शिकवायची सवय एवढी, की जेवायला बसला तरी शेजारच्याला घास कसा घ्यावा ते सांगायचा. तो आला, चहा प्याला आणि सुरू झाला.

"ताई, सोपं आहे. इंजिनातून धूर बाहेर पडतो. त्याच्या जोरावर एक चक्र फिरतं, ते चक्र इंजिनात जास्तीची हवा कोंबतं. जास्त हवा, जास्त ताकद. फिक्स्डमध्ये धुराची वाट ठरलेली. गाडी हळू, तर चक्रही सुस्त. व्हेरिएबलमध्ये वाटेवर बारीक पाती असतात. धूर कमी असला की ती मिटतात, वाट अरुंद होते, जोर वाढतो. धूर वाढला की उघडतात."

काकींनी मान डोलावली. काकांनीही डोलावली. दोघांनी एकाच वेळी डोलावल्यामुळे दोघांनाही काही कळलं नाही, हे भावाने ओळखलं. तिथेच तो उठला असता तर पुढचं काही घडलं नसतं.

"घरातलंच उदाहरण देतो. फिक्स्ड म्हणजे आपले दाजी."

"मी?" काका दचकले.

"सकाळी कितीही हाका मारा, ढिम्म. पण एकदा सुरू झाले की दिवसभर एका चालीनं. आणि ताई म्हणजे व्हेरिएबल. गिऱ्हाइकाशी वेगळी, पाहुण्यांशी वेगळी, सासूबाई चिडल्या की आणखी वेगळी. कसाही प्रसंग येवो, ओढून नेते."

काकींना हे फारच पटलं. "मग घ्या व्हेरिएबल. विचार कसला करायचा?"

"पण एक आहे. व्हेरिएबलमध्ये काजळी साठते. साठत साठत पाती अडकतात, आणि मग ऐन चढावर गाडी रुसून बसते."

"हे मात्र शंभर टक्के," काका म्हणाले. "जुनं जुनं साठवून ठेवायचं आणि चार माणसांत अडकायचं."

"मी अडकते?"

"मी गाडीबद्दल बोलतोय."

"गाडी कधी चार माणसांत गेली होती?"

कोपऱ्यातल्या खुर्चीतून सासूबाईंनी डोळे उघडले. टर्बो म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण घरात दोन बाजू पडल्या आहेत हे त्यांना झोपेतही समजायचं. "माझा फिक्स्ड लहानपणापासून असाच आहे," त्या म्हणाल्या. "कध्धी त्रास दिला नाही. फिक्स्डच बसवा."

"सासूबाई, तुम्ही त्या गाडीत कधी बसतसुद्धा नाही!"

"म्हणून मला मत नाही?"

भावाला एकदम आठवलं, की एका विद्यार्थ्याला रिव्हर्स शिकवायचा राहिलाय. चपला हातात घेऊनच तो निघाला.

काकींनी स्वयंपाकघरातून मेकॅनिकला फोन लावला. "व्हेरिएबल!" काकांनी दुकानातून लावला. "फिक्स्ड. काकी काहीही म्हणो."

रात्री जेवणं झाली. काकांनी स्वतःचं ताट स्वतः घासून ठेवलं. ते इतकं वाईट घासलं होतं, की काकींना भरून आलं. काकींची आई आजारी होती तेव्हा हाच माणूस रोज दवाखान्यात त्याच बाकावर, त्याच कोपऱ्यात, काही न बोलता येऊन बसायचा. बदलला नाही कधी, हे खरं. पण उठूनही गेला नाही. त्यांनी हळूच फोन लावला. "अरे, फिक्स्डच बसव."

तिकडे दुकानात काकांना आपला मोडलेला पाय आठवत होता. तेव्हा हीच बाई ट्रकवाल्यांशी हुज्जत घालत होती, वर हसून गिऱ्हाइकंही सांभाळत होती. त्यांनी घसा खाकरून फोन लावला. "व्हेरिएबल बसव. महाग तर महाग."

सकाळी दोघं गॅरेजात पोचले तेव्हा मेकॅनिकचा चेहरा न झोपलेल्या माणसासारखा दिसत होता.

"काकींचा व्हेरिएबल होता तो फिक्स्ड झाला. काकांचा फिक्स्ड होता तो व्हेरिएबल झाला. मध्येच आजींचा फोन. म्हणाल्या, फिक्स्ड माझा आहे, त्याला हात लावू नकोस. मी करू काय?"

"तुम्ही व्हेरिएबल सांगितलंत?" काकींनी विचारलं.

"तू फिक्स्ड?" काका म्हणाले.

आणि दोघांत पुन्हा जुंपली. "नाही, तुझाच बसवू." "छे, तुमचाच." "मी सांगतो ना!" "तुमचं कधी ऐकलंय मी?"

"अहो, थांबा!" मेकॅनिक ओरडला. "टर्बो बसलाय. गाडी तयार आहे. काल उघडून बघितलं, तर या इंजिनाला आधीचा होता तसलाच लागतो. दुसरा घालायचा तर निम्मं इंजिन बदलावं लागेल."

"मग फोन करून सांगायचंस की!"

"सांगत होतो. पण तुम्ही आपापलं सांगून लगेच फोन ठेवत होता ना, ऐकणार कोण?"

"आधीचा होता कुठला?" दोघांनी एकदम विचारलं.

मेकॅनिकने काकांकडे पाहिलं, काकींकडे पाहिलं आणि बराच वेळ हात पुसले. "ते मी सांगणार नाही. मला तुम्ही दोघंही गिऱ्हाईक म्हणून हवे आहात."

दुपारी फरशांनी खच्चून भरलेली पिकअप टेकडी चढून शाळेच्या फाटकात उभी राहिली. गवंडी फोन कानाला लावूनच उभा होता. पलीकडून समोरच्या दुकानदाराचा आवाज ऐकू येत होता. गवंड्याने फोन बंद केला आणि गाडीभोवती एक चक्कर मारली.

"एवढा माल घेऊन न थांबता आली? टर्बो कुठला बसवलात?"

"व्हेरिएबल," काका म्हणाले.

"फिक्स्ड," त्याच क्षणी काकी म्हणाल्या.

"दोन-दोन बसवलेत होय!" गवंडी म्हणाला. "तरीच."