अक्कांची पारख आणि पंख फुटलेली घोरपड

माणसाचं तोंड बघून पोटातलं ओळखावं ते अक्कांनीच! शाळेचा उंबरठा त्यांनी फारसा झिजवला नव्हता, पण चेहरे वाचण्यात भल्याभल्यांना पाणी पाजलं होतं. "अक्षर फसवतं, चेहरा नाही फसवत," असं म्हणून त्या एका कानावर लटकणारा चष्मा वर सरकवायच्या. त्यावर बोलायची घरात कुणाची टाप नव्हती.

म्हणून तर परदेशात धाकट्या मुलाकडे आल्या आल्या त्यांनी निदान केलं: पोरगा खंगलाय!

धाकटा चित्रकार. पण रंग नाही, ब्रश नाही, कागदाचा कपटाही नाही! दिवसभर काचेच्या पाटीवर एक कांडी घासायची, की झालं चित्र. "अरे, हात तरी बरबटू दे," अक्का म्हणायच्या. "चार लोकांना पटेल, काम करतोस म्हणून!"

त्या दिवशी तो घाबराघुबरा झाला होता. "अक्का, आज प्रकाशकबाई पडद्यावरून चित्र बघणार. ड्रॅगनीण पिलाला वाचवायला राजाच्या अंगावर झेपावते, असं आहे. बाई म्हणतात, ही चिडलेली वाटत नाही, जेवून सुस्तावलेली वाटते! आज पसंत पडलं नाही, तर अख्खी पुस्तकमालिका दुसऱ्याला जाईल. तेवढं खोलीत येऊ नकोस."

"ड्रॅगनीण म्हणजे?"

"मोठे पंख, खवले, तोंडातून आग..."

"पंख फुटलेली घोरपड! सरळ सांग की."

आता, येऊ नकोस म्हटल्यावर न जाणं अक्कांच्या रक्तातच नव्हतं. त्यांनी दार बोटभर उघडलं, आणि काळजाचं पाणी झालं!

धाकट्याच्या डोक्यावर पातेलं. खांद्यावर चादर. रिकाम्या खुर्चीपुढे गुडघे टेकून, हात जोडून, तो गयावया करत होता! बाजूला उभा केलेला फोन आपोआप खटखट वाजत होता.

अक्कांनी खुर्ची ओळखली. सूनबाई जेवायला बसायची तीच!

"अगं आई गं! रोज तिच्यापुढे नाक घासत असणार पोरगं. ती घरात नाही तरी सवय सुटेना!" पातेल्याचा अर्थही त्यांना लगेच लागला. लाटणं डोक्यात बसू नये म्हणून!

एवढ्यात सूनबाई दवाखान्यातली ड्यूटी आटोपून आली.

"आलात? या. खुर्ची वाट बघतेय तुमची!" अक्का फणकारल्या.

"कुठली खुर्ची, अक्का?"

"मला काय विचारता? गुडघ्यांना विचारा!"

"गुडघे दुखतायत का? तेल चोळून देऊ?"

"आधी त्याचे चोळ!"

सूनबाई बिचारी काही न कळून आत गेली. आतून धाकट्याचा आवाज आला, "बरं झालं आलीस! ती छत्री घे आणि माझ्यावर उगार. जोरात! अजून जोरात! आणि दात दाखव ना जरा!"

संपलं! एका आईने ऐकून घ्यायचं म्हणजे किती? अक्कांनी फरशी पुसायचा ओला मॉप उचलला आणि दारावर लाथ घातली.

"खबरदार! माझ्या पोराला हात लावशील तर! मी अजून जिवंत आहे!"

अंबाडा सुटला. चष्मा कानाला लोंबकळला. पंख्याच्या वाऱ्याने पदर असा फुगला, की अक्का आता उडतात की काय! सूनबाई छत्रीसकट टेबलाखाली. धाकट्याने पातेलं डोळ्यांपर्यंत ओढलं. फोनची आपली खटखट चालूच. नेमकी तेव्हाच समोरच्या पडद्यावर प्रकाशकबाई उगवली आणि किंचाळली.

अक्का तिच्याकडे वळल्या. "आणि तू कोण गं? कारस्थानात तूही सामील? धडधाकट पुरुषाला पातेलं घालून बसवता!" मॉपचं पाणी थेट बाईच्या तोंडावर, म्हणजे पडद्यावर उडालं.

बाई दोन्ही हात नाचवत आपल्या भाषेत काहीबाही ओरडत होती. धाकटा पांढराफटक पडला होता.

"काय म्हणते ती भवानी?"

"म्हणते... हाच! हाच चेहरा हवा होता!"

मग उलगडा झाला. धाकटा राजा झाला होता, रिकाम्या खुर्चीत ड्रॅगनीण आहे असं धरून चाललं होतं, आणि फोन नुसते फोटो काढत होता. अंगाचं वळण फोटोत बघायचं आणि तसं चित्र काढायचं, हीच त्याची रीत!

"आधी नाही का सांगायचं? माझं कर खुशाल चित्र. पण राणीचं कर हो."

"हो, करतो," धाकटा काचेच्या पाटीकडे बघत म्हणाला.

मालिका मिळाली. पुस्तक छापून घरी आलं, तेव्हा अक्का अंघोळ करून ते बघायला बसल्या. "राणी काही माझ्यासारखी जमली नाही. नाक फेंदारलंय." पान उलटलं. दोन पानं भरून ड्रॅगनीण! अंबाडा सुटलेला, पंख पदरासारखे फुगलेले, चष्मा एका कानावर, तोंडातून आगीचा लोळ. धाकटा हळूच दाराकडे सरकला. सूनबाई उगाचच धुतलेली भांडी धुवायला लागली.

अक्कांनी खूप वेळ निरखलं. मग मांडीवर थाप मारली.

"अगंबाई! विहीणबाई!"

"काय?" सूनबाईच्या हातातला चमचा पडला.

"हुबेहूब तुझी आई! हेच वटारलेले डोळे, हाच तोंडाचा पट्टा! बघितल्याबरोबर ओळखली. शाब्बास रे बाळा!" आणि कुणी नको नको म्हणत असताना एक प्रत त्यांनी विहीणबाईंना मुद्दाम धाडलीच.

प्रत पोचताच विहीणबाईंचा फोन आला. आवाजात नुसता पाक!

"अक्का, पोराने नाव काढलं हो! घरात सगळ्यांनी तुम्हाला पटकन ओळखलं. चष्म्यावरूनच खूण पटली बघा!"

"हॅलो? हॅलो? आवाज येत नाही हो," अक्का म्हणाल्या. त्यांनी फोन बंद केला, आणि चष्मा दोन्ही कानांवर नीट बसवला.